पाणाड्याची परीक्षा

धोंडीबा गुंजाळांनी दाखवलेल्या जागी पाणी लागलं नाही, याचं कुणालाच काही वाटलं नाही, आणि नेमकं तेच धोंडीबांना डाचत राहिलं.

टिटवाळ्याच्या सायली विहार सोसायटीत दोन उन्हाळ्यांपूर्वी ही गोष्ट झाली होती. सत्तर बिऱ्हाडं, आणि मार्च उजाडला की टँकर. सेक्रेटरी सलिल दिघे स्वतः शहाडला येऊन धोंडीबांना घेऊन गेले होते. धोंडीबांनी नेहमीप्रमाणे सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे केली, आणि पटांगणातून सावकाश चालू लागले. जिन्याच्या मागच्या कोपऱ्यात नारळ ताडकन उभा राहिला. तिथे बोअर मारली. तीनशे वीस फूट खाली गेली, तरी वर नुसता राखाडी फुफाटा उडत होता. मशीनवाल्याने कपाळाचा घाम पुसून मान हलवली.

"काका, मनाला लावून घेऊ नका," सलिल म्हणाले. "जमिनीचाच दोष. तुमची विद्या थोडीच खोटी ठरते?"

तळमजल्यावरच्या विमलाबाई तर म्हणाल्या, "आमच्यातच कुणाचं तरी पाप आडवं आलं असेल." आणि त्यांनी धोंडीबांना चहा दिला.

धोंडीबांनी एकतीस वर्षं शहाडच्या एका धाग्याच्या कारखान्यात टेस्टिंगला काढली होती. बॉबिनवरचा धागा ओढायचा, काट्याला लावायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि तुटला तो आकडा लिहायचा. तिथे एक बॉबिन नापास झाली की तीन माणसं येऊन तीन प्रश्न विचारत. कुठल्या मशीनची? कुठल्या पाळीची? पुन्हा तपासली का? आणि इथे सत्तर घरांचं पाणी हुकलं तरी एकही प्रश्न नाही, उलट चहा! घरी येताना त्यांना वाटलं, आपल्याला शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

ही विद्या त्यांना ओतूरच्या मामाने दिली होती. चौदा वर्षांचे असताना मामाने त्यांच्या हातावर नारळ ठेवला आणि शेताच्या बांधावरून चालायला लावलं. चिंचेपाशी आल्यावर नारळ आपणहून उठला. धोंडीबांच्या अंगावर काटा आला होता. खालून कुणीतरी मनगट धरून वर ढकलावं तसा तो उठला होता. आपण काही केलं नाही, हे त्यांना आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. तेव्हापासून ज्याने बोलावलं त्याच्याकडे ते जात आले. बदल्यात एक पैसा घेतला नाही. देवाचं देणं विकायचं नसतं, असं मामाने सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात धोंडीबांनी एक वही काढली आणि आजवर दाखवलेल्या जागा आठवून लिहायला घेतल्या. एकेचाळीस आठवल्या. गाव, मालकाचं नाव, जवळचं झाड, किती फुटांवर लागलं, सगळं. एकेचाळीसपैकी एकच कोरडी, ती सायली विहारची. वही मिटणार तेवढ्यात त्यांच्या पत्नी गंगुबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आणि आसनगावचं?"

"आसनगावचं काय?"

"तिथं न्हाई लागलं. त्या दिवशी तुम्ही जेवला न्हाई, म्हणून माझ्या ध्यानात हाय."

आसनगाव आठवलं. मग वासिंदचं आठवलं. मग गंगुबाईंनी आणखी दोन सांगितल्या. आठवडाभरात वहीत आकडा त्रेपन्नवर गेला आणि कोरड्या बारा झाल्या. अकरा कोरड्या विहिरी आपण विसरलो तरी कशा, या विचाराने धोंडीबांचा बरेच दिवस पिच्छा पुरवला.

दोन वर्षांनी, पाऊस नुकताच सरला होता, तेव्हा सलिल दिघ्यांचा पुन्हा फोन आला. सोसायटी दुसरी बोअर मारणार होती. या वेळी अर्ध्या सभासदांनी हट्ट धरला होता, की जमिनीच्या शास्त्रातला माणूस बोलवा. "ठाण्याच्या कॉलेजातल्या मॅडम येताहेत. पण काका, तुम्हीही या. दोघांचं जुळलं तर सोन्याहून पिवळं."

त्या मॅडम म्हणजे क्षिप्रा सबनीस. वर्तकनगरला राहणारी, चाळिशीच्या आतली, उन्हाने रापलेली बाई. धोंडीबा पोचले तेव्हा ती पटांगणात लोखंडी सळया हातोडीने ठोकत होती. सळयांना वायरी, वायरींना एक पेटी. जमिनीत करंट सोडायचा आणि तो किती अडतो ते मोजायचं. ओला, भेगाळलेला खडक करंट सहज जाऊ देतो, कोरडा घट्ट खडक अडवतो. नारळ घेऊन आलेला म्हातारा पाहून तिचा चेहरा किंचित आवळला. आता वाद होणार, असं तिला वाटलं असावं.

धोंडीबा तासभर बाजूला उभे राहून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तीच जागा दोनदा मोजली तर तुमचं मशीन तोच आकडा देतं?"

क्षिप्राने हातोडी खाली ठेवली. हा प्रश्न तिला तिच्या विद्यार्थ्यांनीही कधी विचारला नव्हता. "जवळजवळ तोच देतं. पाच टक्के इकडेतिकडे."

"आणि पाणी लागेल हे नक्की सांगता?"

"नाही. शक्यता सांगते. ही पश्चिमेची बाजू खोलगट आहे, हा अख्खा पट्टा मला बरा वाटतो. इथे दहातल्या सहा-सात बोअरना पाणी लागावं. तीन-चार कोरड्या जातील."

धोंडीबांच्या मनात वहीतल्या बारा कोरड्या आल्या. ते म्हणाले, "मग माझाही नारळ तसाच तपासू या. आधी डोळे उघडे ठेवून जागा काढतो. मग डोळे बांधा आणि पुन्हा फिरवा. खाली पाणी असेल तर डोळे उघडे काय अन् मिटलेले काय, नारळ तिथंच उठायला पाहिजे."

"हे तुम्हाला कुणी सुचवलं?" क्षिप्राने चकित होऊन विचारलं.

"कारखान्यात आमच्याकडे बॉबिन यायची ती नुसत्या कोड नंबरावर. कुठल्या मशीनची ते सांगत नसत. माहीत असलं की हात आपोआप सैल पडतो, मॅडम. मित्राच्या पाळीचा धागा असला की तो जरा जास्तच टिकतो."

"काका, पण निकाल मनासारखा आला नाही तर?"

"धागा तुटला म्हणून काट्यावर रागवायचं नसतं."

सलिलना ही कल्पना फारच आवडली. कमिटीची पाच-सहा माणसं जमली. धोंडीबा नारळ घेऊन पटांगणभर फिरले. पश्चिमेच्या भिंतीकडे करंजाचं झाड होतं, त्याच्या अलीकडे दहा पावलांवर नारळ उभा राहिला. तिथे वीट ठेवली. मग सलिलनी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल करकचून बांधला, दोनदा गोल फिरवलं, आणि कोपराला धरून वेडंवाकडं चालवू लागले. डावीकडे, उजवीकडे, परत मागे. चार-पाच मिनिटं झाली आणि नारळ उठला.

टाळ्या पडल्या. टॉवेल सोडून धोंडीबांनी खाली पाहिलं. वीट त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर होती.

"बघा मॅडम!" सलिल ओरडले. "आता बोला!"

धोंडीबांना भरून आलं. मामाचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला. दोन वर्षं छातीवर बसलेला दगड उतरल्यासारखं वाटलं. तो आनंद त्यांना क्षणभर, फार तर दोन क्षण पुरला. मग त्यांचं लक्ष आपल्या कोपराकडे गेलं.

"सलिलभाऊ," ते हळूच म्हणाले, "इथं आल्यावर तुमचा हात घट्ट झाला."

"छे! मी कुठे काय केलं?"

"मुद्दाम नाही केलं तुम्ही. पण झाला. पाऊलही बारीक पडायला लागलं तुमचं. तुम्हाला वीट दिसत होती."

सलिल हसायला लागले, मग थांबले. आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "अहो, खरंच मला नाही कळलं."

"हे धरायचं नाही," धोंडीबा म्हणाले. "पुन्हा करायचं."

क्षिप्रा म्हणाली, "मीही हेच म्हणणार होते. पण तुम्ही म्हणालात ते बरं झालं. माझ्या तोंडून कुणाला पटलं नसतं."

ठरलं ते असं. वीट आत्ताच उचलायची, जागा क्षिप्राने मोजून लिहून ठेवायची. पुढच्या रविवारी सकाळी दहा फेऱ्या. धोंडीबांना धरून चालवणारं माणूस असं हवं, की ज्याने ही वीट पाहिलेलीच नाही. कमिटीने दूर पार्किंगमध्ये उभं राहायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही.

धोंडीबांनी घरी येऊन गंगुबाईंना विचारलं. त्या तयार होईनात. "देवाच्या देण्याची अशी परीक्षा बघत्यात का? रुसलं तर?"

"खरं असेल तर कशाला रुसेल? सोन्याला कस लावला म्हणून सोनं रुसतं का?"

"सोनं न्हाई रुसत. देणारा रुसतो," गंगुबाई पुटपुटल्या. पण रविवारी चांगलं लुगडं नेसून त्या त्यांच्याबरोबर निघाल्या.

फेऱ्या सुरू झाल्या. दर फेरीला क्षिप्रा त्यांना वेगळ्या कोपऱ्यात नेऊन सोडायची. गंगुबाई नवऱ्याचा हात धरून मनाला येईल तिकडे चालायच्या. नारळ उठला की तिथे बांबूच्या काडीला लावलेला कागदी झेंडा रोवायचा, त्यावर नंबर. नारळ दर फेरीत उठला. एकदाही चुकला नाही. तितक्याच जोराने, खालून कुणीतरी मनगट ढकलावं तसा. तिसऱ्या फेरीनंतर धोंडीबांना खात्री वाटू लागली, की आपण फिरून फिरून त्याच जागी येतोय. टॉवेलाआड त्यांना करंजाची सावलीसुद्धा गालावर जाणवत होती.

दहावी फेरी संपली. टॉवेल सुटला. उन्हाने डोळे दिपले, म्हणून ते काही क्षण तसेच उभे राहिले. मग त्यांना झेंडे दिसले. पिशवी फाटून वाटाणे सांडावेत तसे ते पटांगणभर विखुरलेले होते. एक गेटापाशी, एक झोपाळ्याखाली, दोन जिन्याच्या बाजूला. करंजाच्या अलीकडे, जिथे वीट होती, तिथे एकही नाही. सगळ्यांत जवळचा झेंडा तिथून चौदा पावलांवर होता.

"आणि सोसायटीची टाकी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

क्षिप्राने पटांगणाच्या मध्यावरची फरशी दाखवली. जमिनीखालची टाकी, काठोकाठ भरलेली. "तुम्ही तिच्यावरून तीनदा गेलात, नारळ आडवाच होता," ती म्हणाली. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

"अहो, टाकीतलं पाणी मेलेलं," सलिल धावत येत म्हणाले. "नारळ वाहत्या पाण्यालाच उठतो. तुम्हीच मागे म्हणाला होतात, काका."

म्हणाले होते खरे. वासिंदला म्हणाले होते, त्याच्या आधीही कुठे कुठे म्हणाले होते. ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना धोंडीबांना पहिल्यांदाच ते ठिगळासारखं दिसलं. त्यांनी नारळ पिशवीत घातला आणि करंजाखालच्या कट्ट्यावर बसले. क्षिप्रा शेजारी येऊन बसली.

"मॅडम, एक सांगा. मी खोटं करत नाही."

"मला माहीत आहे."

"मग उठवतं कोण त्याला?"

"तुमचाच हात," ती म्हणाली. "तळहातावर आडवा नारळ म्हणजे तोल जाण्याच्या काठावर असलेली वस्तू. मनगट केसभर वाकलं तरी पुरतं. मनात कुठेतरी 'इथे असेल' असं आलं, की स्नायू हलतात, आणि हलल्याची वर्दी आपल्याला मिळत नाही. दिघ्यांचा हात घट्ट झाला, त्यांना कळलं का? तसंच. यात लबाडी नसते. यावर खूप प्रयोग झालेत."

"म्हणजे करणारा मीच, आणि मलाच पत्ता नाही?"

"हो."

"मग बाकीचं जे जे मी केलं म्हणतो, ते तरी मीच ठरवून केलं कशावरून?"

खाली पडलेल्या करंजाच्या शेंगा क्षिप्रा बुटाने सारत होती. "काका, मी दगड शिकवते. या प्रश्नावर मोठमोठी माणसं अजून भांडताहेत. मलाही रात्रीची झोप लागत नाही असा तो प्रश्न आहे." मग म्हणाली, "पण एक आहे. डोळे उघडे असताना तुम्ही निवडलेली जागा माझ्या पट्ट्यात आली. खोलगट बाजू, हिरवं झाड. पन्नास वर्षं तुम्ही जमीन बघताय. नारळाला काही कळत नसेल, पण तुमच्या डोळ्यांना कळत असेल."

दिलासा देणारी गोष्ट होती. ती धरून ठेवावी असं धोंडीबांना फार वाटलं. पण ते म्हणाले, "असेल. तेही तपासल्याशिवाय कसं म्हणायचं?"

परतताना दोघांनी रिक्षा केली. मोहन्याच्या अलीकडे रस्ता खोदला होता, रिक्षा थांबली. गंगुबाई बाहेर बघत म्हणाल्या, "मग माझ्या अंगात येतं, ते?"

धोंडीबा दचकले. त्यांनी आपल्यापुरताच विचार केला होता. वीस-बावीस वर्षं नवरात्रात अष्टमीला गंगुबाईंच्या अंगात वारं येत असे. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई केस सोडून घुमायची, आणि शेजारपाजारच्या बाया पाया पडायच्या, प्रश्न विचारायच्या. मोठा मुलगा गेला, त्याच्या पुढच्या वर्षी ते पहिल्यांदा आलं होतं.

"ते मला नाही सांगता यायचं," धोंडीबा म्हणाले.

"मी काय सोंग आणते का?"

"नाही गं. मी तरी कुठं सोंग आणत होतो?"

गंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की धुळीपासून तोंड झाकत होत्या, ते कळलं नाही. धोंडीबांना अपराध्यासारखं वाटलं. आपली एक गोष्ट तपासायला निघालो आणि तिच्या घराची कडी वाजवून आलो.

अष्टमीला धोंडीबा मुद्दाम देवीच्या मंडपात गेले आणि मागे उभे राहिले. संबळ वाजू लागली. गंगुबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. बराच वेळ त्या नुसत्या बसून होत्या, ताठ, डोळे उघडे. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांचे खांदे हलले, अंबाडा सुटला आणि त्या घुमू लागल्या. नेहमीसारख्याच.

घरी आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी आपणहून सांगितलं, "येतंय असं वाटलं तवा मी मनात म्हणलं, जरा थांब. आणि थांबलं."

"मग?"

"मग लई एकटं वाटलं. मग म्हणलं, ये."

गंगुबाई केस बांधता बांधता म्हणाल्या, "पण सखूची सून विचारत होती, पोराचं औषध बंद करू का, देवी काय म्हणते. तिला मी म्हणलं, देवी म्हणते डाक्टरला विचार." आणि त्या झोपायला गेल्या. त्या रात्री धोंडीबांना वाटलं, आपल्याला चोपन्न वर्षं आणि दहा झेंडे लागले, ही बाई मंडपात बसल्या बसल्या आपल्या पुढे निघून गेली.

जानेवारीत सायली विहारमध्ये बोअर मारायचं ठरलं. क्षिप्राच्या पट्ट्यातल्या सगळ्यांत चांगल्या जागेपर्यंत गाडी जाईना, मध्ये ड्रेनेजची लाइन होती. कमिटीने मतं घेतली आणि बहुमताने ठरवलं, काकांच्या विटेची जागा. शेवटी तीही पट्ट्यातच होती. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. दोन इंची धार, स्वच्छ.

सलिलचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. "काका! तुमच्याच जागी! ते झेंडेबिंडे सोडा हो!"

धोंडीबा फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभे होते. इतक्या दिवसांनी मोठ्या कष्टाने बंद केलेलं दार कुणीतरी लाथेने उघडलं होतं आणि बाहेर सगळा गाव हार घेऊन उभा होता. आत घ्यायचं तेवढं बाकी. त्यांनी वही काढली. चोपन्नावी जागा लिहिली. पुढे लिहिलं, 'पाणी लागलं. दहात सहा-सात लागतातच.' ही वाक्यं लिहिताना हात थोडा जड झाला, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं.

सोसायटीने पाण्याची पूजा ठेवली आणि धोंडीबांना शाल दिली. दोन शब्द बोला म्हणाले. धोंडीबांनी माइक हातात घेऊन सरळ सांगितलं, "पाणी लागलं, फार बरं झालं. पण ते मी शोधलेलं नाही. डोळे बांधले की माझा नारळ कुठंही उठतो, तुम्ही बघितलंय. पट्टा मॅडमनी मशीनने काढला होता. पुन्हा कुठं विहीर पाडायची तर मला बोलवू नका, त्यांच्यासारख्याला बोलवा."

मग कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "केवढा हा नम्रपणा!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

खाली उतरल्यावर विमलाबाई वाकून पाया पडल्या. "परीक्षा बघितली म्हणून देवाने विद्या काढून घेतली होती हो, काका. तुमची श्रद्धा बघून परत दिली."

"विमलाबाई, अहो तसं नाही..."

"कळतं हो आम्हाला," त्या म्हणाल्या, आणि प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात ठेवला.

नारळ उठला तर विद्या, नाही उठला तर देवाचा कोप, आणि मी खोटा म्हटलं तर नम्रपणा. धोंडीबांना आधी चीड आली, मग हसू आलं. यातून सुटायची वाट लोकांनी ठेवलीच नव्हती. आणि अकरा कोरड्या विहिरी विसरताना आपण तरी स्वतःला कुठे ठेवली होती?

महिनाभराने क्षिप्राने त्यांना ठाण्याच्या कॉलेजात बोलावलं. "व्याख्यान नाही हो काका, फक्त घडलं ते सांगा." धोंडीबांनी जाताना दोन डझन नारळ घ्यायला लावले. मैदानावर एकोणीस मुलंमुली होती. त्यांनी झालेलं सगळं सांगितलं आणि मग प्रत्येकाच्या तळहातावर एकेक नारळ ठेवून चालायला लावलं. मुलं हसत-खिदळत निघाली. बहुतेकांचे नारळ आडवेच राहिले, काहींचे पडले. पण सात जणांच्या हातावर ते उठले.

त्यांतली एक उर्वी नावाची मुलगी, चष्मा लावलेली, व्याख्यानभर सर्वांत जास्त शंका विचारणारी, जागच्या जागी थिजून उभी राहिली. तिच्या हातावर नारळ सरळ उभा होता. "आजोबा," ती हाक मारत होती, "आजोबा, शप्पथ, मी नाही करत आहे हे!"

धोंडीबा लगबगीने तिच्याकडे गेले. तिच्या चेहऱ्यावरची भीती आणि नवल त्यांनी ओळखलं. ओतूरच्या बांधावर त्यांना आरसा दाखवला असता तर हेच दिसलं असतं. आजवर त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या हातावर नारळ उठला नव्हता, कारण त्यांनी तो कुणाच्या हातात दिलाच नव्हता.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "घाबरू नकोस."

"पण तो खरंच ढकलतोय! सगळं ऐकून, समजूनसुद्धा!"

"समजलं म्हणून थांबत नाही तो. माझाही अजून उठतो."

उर्वीने नारळ हळूच खाली उतरवला आणि मनगट चोळलं. "तुम्हाला वाईट नाही वाटलं? इतकी वर्षं..."

बाकीची मुलंही जवळ आली होती. क्षिप्रा थोडी मागे उभी होती. धोंडीबांना आजवर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, सलिलनी नाही, कमिटीने नाही.

"वाटलं," ते म्हणाले. "अजून वाटतं. चोपन्न वर्षं पाहुणा समजून ज्याच्यासाठी पाट मांडला, तो घरातलाच निघाला. पण घरात असा कुणीतरी आहे आणि आपली त्याची ओळख नाही, हे काय कमी नवल आहे?"

मग त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि विचारलं, "चला, आता पहिल्यांदा डोळे कोण बांधून घेतो?"